‘बरं आहे’ म्हणणारा पाथरवट

फार पूर्वी एका डोंगराच्या पोटात काळ्या दगडाची खाण होती आणि डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचे एक गाव होते. गाव दगडावर जगत असे आणि दगडापायीच मरत असे. कोणाचा डोळा उडालेल्या कपचीने जाई, कोणाचा पाय शिळेखाली सापडे. असा एकही पाडवा उजाडला नाही की गेल्या पाडव्याची सगळी माणसे धड उभी असतील.

त्या गावातल्या एका भाविक विधवेने मरताना आपली सारी शेती देवाला दिली. तिची अट एकच होती आणि ती देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवली होती: ‘ज्याचे हात थांबले, त्याचे ताट थांबू नये.’ त्या शेतीचे धान्य देवळाच्या कोठारात येई आणि दर पौर्णिमेला दुखणाईतांना शिधा म्हणून वाटले जाई.

शिधा कोणाला द्यायचा, हे देवळाचा कारभारी ठरवी. हा कारभारी सचोटीचा माणूस होता. देवाच्या धान्याचा दाणा त्याने कधी आपल्या घरी नेला नाही. सोमवारचा उपवास त्याने तापातही मोडला नाही. पण त्याच्या मनात एक काटा रुतला होता.

एक माणूस डोळ्यांना पट्टी बांधून, काठी आपटत, तीन वर्षे शिधा नेत होता. एके दिवशी शेजारगावच्या जत्रेत तो गोफणीने झाडावरच्या कैऱ्या पाडताना सापडला. एकही नेम चुकत नव्हता! तेव्हापासून कारभारी रस्त्याने निघाला की पोरे मागून गात:

‘कारभारी, कारभारी, आंधळा पाडतो कैरी भारी!’

मोठी माणसे पोरांना दटावीत आणि तोंड फिरवून स्वतः हसत. कारभाऱ्याला ते हसू अन्नासारखे रोज गिळावे लागे. शेवटी त्याने देवापुढे शपथ घेतली, ‘देवा, तुझे धान्य पुन्हा लबाडाच्या पोटात जाऊ देणार नाही.’ शपथ चांगली होती. पण ती देवासाठी घेतली की त्या हसण्यापायी, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नियम केला: ‘दिसेल ते दुखणे, न दिसेल तो बहाणा.’ जे व्यंग आपल्या डोळ्यांना दिसेल आणि आपल्या बोटांना लागेल, तेवढ्यालाच शिधा. शिधा घेणाऱ्या सगळ्यांना त्याने तपासायला बोलावले आणि बाकीच्यांची नावे वगळली. जन्मतः एक पाय आखूड असलेला वाणी तागडी धरून दिवसभर दुकान चालवी. त्याचा आखूड पाय दिसत होता, म्हणून त्याला शिधा मिळाला. एका बाईला फेफरे येत. कारभाऱ्यासमोर तिला फेफरे आले नाही, म्हणून तिला शिधा मिळाला नाही.

कोठार भरू लागले. पंच म्हणाले, “कारभारी असावा तर असा!” पोरांचे गाणे बंद झाले.

गावात एक पाथरवट होता. छाती रुंद, मनगटे जाड, हात असा की त्याने घडवलेल्या शिळांच्या सांध्यात गवताची काडीही जात नसे. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. टाकी धरणाऱ्याच्या छातीत काय साठते, ते कोणी म्हणत नाही. वीस वर्षांची दगडाची भुकटी या पाथरवटाच्या छातीत साठली होती. दहा पावले चालला की त्याला बसावे लागे. आडवे पडले की जीव गुदमरे, म्हणून तो भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच रात्र काढी. खाणीत जाणे सुटले. घरी बायको होती, एक लहान मुलगी होती आणि चुलीवर बहुधा नुसते पाणी होते.

बायको म्हणाली, “पौर्णिमेला देवळात जा. आपल्यासारख्यांसाठीच तर ते धान्य आहे.”

देवाच्या दारी जायचे, म्हणून पाथरवटाने अंघोळ केली, धुतलेले धोतर नेसले, कपाळाला बुक्का लावला. वाटेत उठत-बसत पोहोचायला त्याला अर्धा दिवस लागला. वर जाण्याआधी तो पायऱ्यांशी बराच वेळ थांबला, कारण धापा टाकत देवासमोर उभे राहणे त्याला बरे वाटेना. कारभाऱ्यासमोर आला तेव्हा श्वास ताळ्यावर होता आणि चेहरा शांत होता.

कारभाऱ्याने विचारले, “कसा आहेस?”

“बरं आहे, देवाची कृपा.”

“जेवण जातं?”

“असेल तेव्हा जातं की.”

“हात पुढे कर. मूठ वळ.”

पाथरवटाने मूठ वळली. कारभाऱ्याने ती दाबून पाहिली. “अरे, ही तर अजून दगड फोडेल!”

पाथरवट हसला. “फोडलेत, कारभारी. तुम्ही रोज ज्या पायऱ्या चढता, त्या याच हातांच्या आहेत.”

“मग आता काय झालं?”

“दम पुरत नाही.”

“दम?” कारभारी म्हणाला. “तो कुठे असतो? मला दाखव.”

रांगेतून कोणी तरी म्हणाले, “फुंकर मारून दाखव रे!” दोघे-तिघे हसले.

पाथरवट खाली पाहू लागला. छाती फोडून दाखवता येत नाही आणि देवाच्या दारात रडगाणे गाऊ नये, असे त्याला आईने शिकवले होते. तो एवढेच म्हणाला, “दाखवण्यासारखं काही नाही.”

“तूच म्हणतोस बरं आहे. तूच म्हणतोस दाखवण्यासारखं काही नाही. मग मी काय लिहू?” कारभाऱ्याने लिहिले: ‘अपात्र.’

पाथरवटाने देवाला हात जोडले आणि तो निघाला. तिसऱ्या पायरीवर तो बसला. लोकांना कळू नये म्हणून त्याने खांद्यावरचे उपरणे काढले आणि आपण घडवलेली पायरी पुसतो आहोत असे दाखवीत तो बसून राहिला. पायरी स्वच्छ होती. तरी तो पुशीत होता आणि त्याचे खांदे वरखाली होत होते.

कारभारी हे पाहत होता. त्याला कळले. ‘थांब, मागे ये,’ हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. एवढ्यात खाली अंगणात पोरे कशाला तरी मोठ्याने हसली. ती कशाला हसली, देव जाणे. कारभाऱ्याने मान वळवली आणि हाक दिली, “पुढचा!”

पाप मोठ्या आवाजातच होते असे नाही. ते अशा एका शब्दातही होते.

पुढच्या पौर्णिमेला पाथरवट पुन्हा आला. या वेळी तो पायऱ्यांशी थांबला नाही. धापा टाकतच वर आला. डावा हात केळीच्या पानात गुंडाळलेला होता आणि पानाबाहेर हळद पाझरत होती.

“काय झालं?” कारभाऱ्याने विचारले.

“हातोडा निसटला.”

“पान सोड.”

पान सुटले. हाताची चारही बोटे मुळापासून ठेचलेली होती. कारभाऱ्याचा जन्म पाथरवटांच्या गावात गेला होता. डाव्या हातात टाकी, उजव्या हातात हातोडा. हातोडा निसटला तर एक बोट जाते, फार तर दोन. शेजारी शेजारी ठेवलेल्या चार बोटांवरून तो ओळीने निसटत नाही.

कारभारी हळूच म्हणाला, “चारदा निसटला?”

पाथरवटाने हात आणखी थोडा पुढे केला आणि विचारले, “आता दिसतं ना, कारभारी?”

त्या आवाजात राग नव्हता. पाठांतर बरोबर झाले का, असे गुरुजींना विचारणाऱ्या मुलासारखा तो आवाज होता.

नियमाप्रमाणे आता काहीच उणे नव्हते. कारभाऱ्याने लिहिले: ‘पात्र.’ पाथरवटाबरोबर आलेल्या त्याच्या बायकोने पदरात शिधा घेतला. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसांनी तो हात नीट, वाकून वाकून पाहून घेतला.

आठव्या दिवशी पाथरवटाला धनुर्वात झाला. जबडा मिटला, अंग कमानीसारखे ताठले. पदरातून आणलेले धान्य मडक्यात होते, पण ते त्याच्या दातांपलीकडे गेले नाही. दहाव्या दिवशी तो गेला.

सुतक फिटल्यावर त्याची बायको देवळात आली. मुलगी तिच्या कडेवर होती. कारभारी पोथी वाचीत बसला होता.

तो म्हणाला, “बाई, देवाची इच्छा. शिधा तुझ्या नावाने चालू ठेवतो.”

“देवाचं नाव घेऊ नका,” ती म्हणाली. “हातोडा माझ्या नवऱ्यानं उचलला, पण मारला तुमच्या नियमानं.”

“मी त्याला विचारलं होतं. तो स्वतः म्हणाला, बरं आहे.”

“देवळात उभं राहून माणूस दुसरं काय म्हणेल? तुमच्या घरी पाहुणा आला, कसे आहात म्हणाला, तर तुम्ही त्याला मूळव्याध सांगता का? ते उत्तर त्यानं देवाला दिलं होतं, कारभारी. तुम्ही मध्येच झेललंत.”

कारभाऱ्याने पोथी मिटली आणि शिधा मोजून पुढे केला. तिने शिधा घेतला, कारण कडेवर पोर असलेल्या बाईला रुसणे परवडत नाही. जाताना मात्र तिने देवाला नमस्कार केला आणि कारभाऱ्याकडे पाहिलेही नाही.

त्यानंतरच्या पौर्णिमेला रांगेत तीन माणसे केळीच्या पानात हात गुंडाळून उभी होती. एकाला रक्ताची ओकारी होत असे. एकाचे सांधे सकाळी लाकडासारखे होत. तिसरा अजून मिसरूडही न फुटलेला होता. तिघांचाही गुंडाळलेला हात डावाच होता.

कारभारी बैठकीवरून उठला. तो तडक पंचांकडे गेला आणि म्हणाला, “माझा नियम मोडा. नाही तर या गावात धड हात उरणार नाही.”

पंचांतला थोरला म्हणाला, “कारभारी, दुसरं कोठार बांधायला काढलंय आपण. नियम मोडला की लबाड पुन्हा येतील.”

“येतील.”

“पोरं पुन्हा गातील.”

“गाऊ देत,” कारभारी म्हणाला. “मला हसतील म्हणून मी एक माणूस मारला. आणखी किती मारू?”

पंचांनी नियम मोडला.

पण नियम मोडला म्हणून ज्यांना तो भोवला ती माणसे परत येत नाहीत. वगळलेल्यांची नावे घेऊन, धान्याचे पोते पाठीवर मारून, कारभारी स्वतः दारोदार निघाला. फेफरे येणाऱ्या बाईच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, “आता आलात होय? पावसाळ्याआधी ती चुलीत पडली.” दुसऱ्या घरातली माणसे भीक मागत देशोधडीला लागली होती. तिसऱ्या घरी म्हातारी होती. तिने धान्य घेतले आणि ‘हे कोणी पाठवलं?’ म्हणून विचारले. कारभाऱ्याला ‘मी’ म्हणवले नाही आणि ‘देवानं’ही म्हणवले नाही.

गावाच्या टोकाला शेवटचे घर होते. दार आतून बंद होते. कारभाऱ्याने कडी वाजवायला हात उचलला, तोच शेजारचा म्हातारा धावत आला आणि त्याने तो हात धरला.

“वाजवू नका! दरड कोसळली तेव्हा हा तिच्याखाली एक दिवस, एक रात्र होता. अंगाला ओरखडा नाही, पण तेव्हापासून आवाज झाला की कोपऱ्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटतो.”

“मग हा शिध्यासाठी देवळात का आला नाही?” कारभाऱ्याने विचारले. “त्याच्या नावापुढे ‘बोलावले, आला नाही’ असं लिहिलेलं आहे.”

“आला होता की. मीच आणला होता हात धरून. तुमच्या पायरीवर पाय ठेवला आणि आरतीची घंटा वाजली. जो पळाला तो पळालाच.”

“मला येऊन का सांगितलं नाहीस?”

“सांगायला वर आलो होतो. तुम्ही म्हणालात, ज्याचं दुखणं त्यानं बोलावं.”

कारभाऱ्याला ते शब्द आठवले. ते त्याचेच होते.

“दार केव्हा उघडतो तो?”

“त्याला वाटेल तेव्हा. कधी दुपारी, कधी दोन दिवसांनी. मी भाकरी उंबऱ्यावर ठेवतो. पण माणूस बसलेला दिसला तर कधी कधी बोलतो.”

कारभाऱ्याने पाठीवरचे पोते आवाज न करता खाली ठेवले. खोकलासुद्धा त्याने दाबला. ऊन डोक्यावर आले होते आणि त्या दारासमोर कशाची सावली नव्हती. तो उंबऱ्याशी मातीत बसला आणि वाट पाहू लागला.

तात्पर्य एवढेच: दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करणाऱ्याने फसण्याची तयारी ठेवावी. ज्याला कधीच फसायचे नाही, त्याच्या हातून न्याय होत नाही.