काढ्यात भिजलेला ठसा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. समुद्रकाठच्या त्या राज्यात एक राजवैद्य होता, कवळ्या घडवणारा एक कारागीर होता आणि देवीच्या देवळात सनई वाजवणारा एक म्हातारा होता.

कवळी करायची तिथली रीत अशी. वैद्य समुद्रातल्या शेवाळाची कोमट खळ माणसाच्या तोंडात दाबून धरी. ती खरवसासारखी घट्ट झाली की बाहेर काढी. तिच्यात हिरडीचा हुबेहूब ठसा उठलेला असे. त्या ठशात पांढरी माती ओतून कारागीर तोंडाचा साचा काढी, साच्यावर बेतून लाकडाची कवळी कोरी आणि तिला शिंपल्याचे दात बसवी.

मग साथ आली. थुंकीतून पसरणारा ताप होता तो. ठसे हाताळणारी माणसं आधी गेली, त्यांत वैद्याचा सख्खा भाऊही गेला. तेव्हा नियम झाला, की ठसा तोंडातून काढल्यावर कडुनिंबाच्या काढ्यात बुचकळायचा आणि लगेच उचलायचा. नियम चांगलाच होता. त्याने पुष्कळ जीव वाचले.

साथ ओसरली, पण वैद्याच्या मनातली भीती ओसरली नाही. तो ठसा घटकाभर काढ्यात ठेवू लागला, मग दुपारभर, मग रात्रभर. "जरा जास्त भिजला तर बिघडलं कुठे?" असं तो म्हणे. बिघडत तर होतंच. शेवाळच ते, पाणी पिऊन फुगणारच.

अशात म्हाताऱ्याचे दात पडले. ओठांना आतून आधार राहिला नाही आणि सनईचा सूर फाटू लागला. उत्सव जवळ आला होता. तेव्हा सनई नीट वाजली नाही, तर देवळातली जागा दुसऱ्याला जाणार होती. सनईखेरीज त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि नकोही होतं.

त्याचा ठसा रात्रभर काढ्यात पडून राहिला. सकाळी कारागिराने तो हातात घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"वैद्यराज, ठसा फुगल्यासारखा वाटतोय."

"शुद्ध झालाय तो. तुला साथ परत आणायचीय का?"

हा प्रश्न एकदा चारचौघांत विचारला गेला, की त्या गावात माणूस वाळीत पडत असे. कारागिराने मान खाली घातली आणि ठशात माती ओतली. मला त्याचा राग येतो, पण त्याच्या जागी आपल्यातले किती जण बोलले असते?

कवळी झाली. म्हाताऱ्याने ती घातली. एका अंगाला ती रुतत होती आणि दुसऱ्या अंगाला डुगडुगत होती.

"वैद्यराज, ही माझ्या तोंडाची नाही हो," तो कळवळून म्हणाला.

"ठसा तुझ्याच तोंडाचा. इतका स्वच्छ ठसा राज्यात दुसरा नसेल. कवळी बरोबर आहे, तुझी हिरडीच वाढलीय."

वैद्याने कारागिराकडून कानस मागून घेतली. ती कवळीला लावली नाही. म्हाताऱ्याची हिरडी घासली, आतल्या हाडापर्यंत घासली. आणि ती कानस काढ्यात बुडवायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

उत्सवात म्हाताऱ्याने सनई ओठाला लावली. पहिल्याच फुंकरीला तिच्यातून रक्त ठिबकलं. जखम चिघळली. जिची सगळ्यांना धास्ती होती ती घाण अखेर त्याच्या तोंडात गेली, आणि निम्मी हिरडी सडून गेली. देवळातली जागाही गेली. साथ परत येऊ दिली नाही म्हणून राजाने वैद्याच्या खांद्यावर शाल घातली.

कारागिराला अन्न गोड लागेना. शेवटी तो स्वतःच खळ घेऊन म्हाताऱ्याच्या घरी गेला. त्याने ठसा घेतला, काढ्यात बुचकळून लगेच उचलला आणि तिथल्या तिथे माती ओतली. या वेळी साचा हुबेहूब उतरला. इतका हुबेहूब, की कवळी टेकायला आता हिरडीच उरलेली नाही, हे त्यात स्पष्ट दिसत होतं.

लहानथोर हो, माप जरूर धुवावं. पण माप आणि माणूस जुळेनासे झाले, तर कानस मापाला लावावी, माणसाला नव्हे.