राजाने रांधलेले कुळथाचे कढण

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. शत्रू त्याला टरकून असत, प्रजा त्याला मान देई, आणि जेवण मात्र त्याला नेहमी थंड मिळे. राजाचे ताट आधी बारा जणांनी चाखावे, असा त्या घराण्याचा रिवाज होता. पहिला चाखी, तो मरत नाही असे पाहून दुसरा चाखी, आणि बाराव्याने ढेकर देईपर्यंत वरणावरचे तूप थिजून जाई.

एकदा ऐन थंडीत कपर्दी नावाचा जादूगार दारी आला. म्हणाला, "राजा, वाटीभर गरम कढण दे." राजाने हुकूम सोडला. वाटी बारा तोंडांपाशी थांबत थांबत आली. कपर्दीने तीत बोट बुडवले आणि त्याच्या कपाळाची शीर उठली.

"गारढोण! जा, आजपासून तुझ्या राज्यात चुलीवर काही तापणार नाही. हुकूम सोडणारा स्वतः रांधून कुणाला ऊन ऊन वाढील, तेव्हाच हा शाप सुटेल!"

एवढे बोलून तो धूर होऊन निघून गेला. चुली पेटत, पण पाणी काही तापेना. लोक दहीपोह्यांवर दिवस काढू लागले. राज्यातले कुळीथ होते नव्हते तेवढे मोड आणून कच्चेच खाऊन झाले. राजा म्हणाला, "चालायचेच." त्याला फरक तो काय पडणार!

पण त्याच महिन्यात राणी मृणालवती तापाने पडली. ताप उतरला, तोंडाची चव गेली. आठ दिवस तिने अन्नाला शिवले नाही. "कुळथाचे ऊन कढण असते, तर दोन घोट घेतले असते," एवढेच ती बोले, तेही भिंतीकडे तोंड करून. ही गेली तर आपण भांडायचे कुणाशी, या विचाराने राजाला रडू कोसळले.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. त्या राज्यात साळुंक्या बोलत, आणि फटकळ बोलत. "रडून पाणी तापत नाही, राजा. कुळीथ नागाच्या भुयारात आहेत, विस्तव कपर्दीच्या चुलीत आहे. आण आणि रांध."

"आणि तिसरे?" राजाने विचारले. अशी कामे तीन असतात, हे त्याला ठाऊक होते.

"तिसरे घरीच आहे," साळुंकी म्हणाली.

राजा भुयारात उतरला. नाग सोन्याच्या सात हंड्यांवर वेटोळे घालून बसला होता. "सोने ने बाबा," तो म्हणाला. "शापित आहे म्हणून कोणी नेत नाही, आणि मला पाठीत टोचते."

"मला कुळीथ हवेत."

नागाने फणा काढला. "ते माझ्या आवडीचे आहेत! गाडगेभर निवडून दे, मग मूठभर ने."

राजा मांडी घालून बसला. सकाळपासून दुपारपर्यंत त्याने खडे वेचले, कंबर धरली, डोळे चुरचुरले. मूठभर कुळीथ शेल्यात बांधले, तेव्हा जिंकलेल्या किल्ल्यांपेक्षा त्याला त्यांचे अप्रूप वाटले.

मग तो कपर्दीच्या झोपडीशी गेला. "विस्तव हजर करा!" तो गरजला. आतली चूल विझली. "विस्तव द्यावा, ही आमची आज्ञा आहे!" धूरही निघेना. राजा बराच वेळ दारात घुटमळला आणि हळूच म्हणाला, "बाबा, घरात आजारी माणूस आहे. थोडा विस्तव देता का?"

"आधीच असे विचारायचे होतेस," कपर्दी म्हणाला, आणि त्याने खापरीत रसरशीत निखारे घालून दिले.

मुदपाकखान्यात राजाने चूल फुंकली, मिशा होरपळून घेतल्या. कुळीथ शिजायला वेळ खातात. तो तेवढा वेळ पातेल्यापाशी बसून राहिला. वरचे पाणी गाळले, आमसूल टाकले, साळुंकीच्या शिव्या खात तुपात जिरे-लसणाची फोडणी दिली. चर्र आवाज झाला, घमघमाट सुटला, आणि राजा खुळ्यासारखा हसत सुटला. एवढी मजा स्वयंपाकी मंडळी आजवर एकटीच लुटत होती तर!

वाटी घेऊन तो वळला. दारात बारा चाखणारे चमचे घेऊन उभे.

"महाराज, रिवाज आहे," त्यांचा मुख्य दंडपाणी म्हणाला.

राजाने वाफेकडे पाहिले. ती विरळ होत चालली होती. "दंडपाणी, आजवर किती विषे पकडलीत?"

"एकही नाही, महाराज. पण जेवण उत्तम असते."

राजाने पातेल्यात पळी बुडवली आणि त्यांच्यादेखत असा भुरका मारला की भांडी थरथरली. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आले, छातीपासून पोटापर्यंत ऊब उतरत गेली. "चाखून झाले. वाट सोडा!" असे ओरडून तो बाराही जणांना ढकलत राणीच्या महाली धावला.

राणीने एक घोट घेतला. दुसरा घेतला. गावभर दुधे उतू गेली, बायका फडकी घेऊन धावल्या; शाप सुटला होता. राजाचे तिकडे लक्षच नव्हते. राणी भिंतीकडचे तोंड फिरवून उठून बसली होती.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "लसूण करपलाय. आणि मिशांचे काय केलेत हे?"

राजाला पुन्हा रडू आले, पण या वेळी हसताहसता. "आणखी आणू?" त्याने विचारले.

"आणा की. वाटी लहान आणलीत."

त्या दिवसापासून बारा चाखणारे लसूण सोलू लागले, लोक ऊन ऊन जेवू लागले, आणि राणी रोज राजाच्या कढणाला नवे नाव ठेवू लागली. ती नावे ठेवते आहे तोवर राज्यात सारे कुशल आहे, असे प्रजेने समजावे आणि निवांत जेवायला बसावे.