टुमक्याची फांदी फुलदाणीत

टुमक्या शिंपी क्रोटनच्या झाडावर बसला होता. छाती फुगवून बसला होता. छाती केवढी? चिंचोक्याएवढी.

"माझ्यासारखा राखणदार साऱ्या बागेत नाही!" टुमक्या म्हणाला. "वाघ आला तरी मी हलणार नाही!"

मग त्यानं इकडे बघितलं. तिकडे बघितलं.

"मुंगळा आला तर उडेन थोडासा," तो म्हणाला. "पण वाघ आला तर मुळीच नाही."

बागेत वाघ नव्हता. कधीच नव्हता. मुंगळे मात्र पुष्कळ.

टुमक्या म्हणजे एवढासा पक्षी. आईच्या अंगठ्याएवढा. शेपटी तेवढी उभी, ऐटीत. आणि शिंपी पक्ष्यांचं घर कसं असतं? पानाचं! एक मोठं पान. त्याच्या दोन कडा जवळ. कडांना टाके. आत मऊ मऊ कापूस. कापसात अंडी. छोटी छोटी. निळी निळी.

टुमक्याची बायको मंजुळा. ती किडे आणायला निघाली.

"हलू नकोस हं," मंजुळा म्हणाली.

"छे! मी? हलतोय कशाला?" टुमक्या म्हणाला.

मंजुळा गेली. भुर्रर्र.

आणि आली यमूकाकू. हातात कात्री!

आज काकूकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गौर बसली होती पाळण्यात. संध्याकाळी बायका येणार. डाळ खाणार, पन्हं पिणार. काकूनं घर सजवलं होतं. कोनाड्यात मोगरा. दारात आंब्याची पानं. एक फुलदाणी तेवढी रिकामी.

काकूनं क्रोटन बघितला. लाल पानं, पिवळी पानं.

"अगं बाई! हे पान कसं गोल वळलंय!" काकू म्हणाली. "फुलदाणीत काय शोभेल!"

कात्री वाजली. कच्च!

टुमक्या उडाला. भुर्रर्र!

वाघ नव्हता हो. नुसती कात्री होती.

टुमक्या परत आला. बघतो तर काय? फांदी नाही. पान नाही. घर नाही. अंडी नाहीत!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुमक्या गेला खिडकीत.

आत टेबल. टेबलावर फुलदाणी. फुलदाणीत फांदी. आणि शेजारच्या खुर्चीवर कोण? ढोल्या बोका! झोपला होता. घुर्र... घुर्र...

टुमक्या गेला काकूकडे.

"काकू गं काकू, फांदी दे.
फांदीत घर, घरात अंडी,
अन् ढोल्या शेजारी!"

काकू हसली.

"पानात घर? चल, थापाड्या! पान आपलं आपण वळलंय. आणि फुलदाणी बोडकी ठेवू का? गौर काय म्हणेल? जास्वंदीचं फूल आण. लाल लाल. मग देते फांदी."

काकू गेली पाट मांडायला.

ढोल्यानं एक डोळा उघडला.

बाप रे!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुमक्या गेला जास्वंदीकडे.

"जास्वंदी गं जास्वंदी, फूल दे.
फूल काकूला, काकू देईल फांदी.
फांदीत घर, घरात अंडी,
अन् ढोल्या शेजारी!"

जास्वंदीनं मान टाकली होती.

"कसलं फूल नि कसलं काय!" जास्वंद म्हणाली. "ऊन बघ केवढं! घसा सुकला माझा. कळी उघडतच नाही. पाणी आण. मग देते फूल."

टुमक्यानं खिडकीतून बघितलं. ढोल्यानं दुसरा डोळा उघडला. हिरवा हिरवा. आणि तो बघत होता फांदीकडे.

बाप रे, बाप रे!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुमक्या गेला विहिरीवर. काठावर पोहरा बसला होता. तोंड उघडं टाकून.

"पोहऱ्या रे पोहऱ्या, पाणी दे.
पाणी जास्वंदीला, जास्वंद देईल फूल.
फूल काकूला, काकू देईल फांदी.
फांदीत घर, घरात अंडी,
अन् ढोल्या शेजारी!"

"मी काय, खाली जाईन धबाक!" पोहरा म्हणाला. "पण वर कसा येऊ? मला हात आहेत का? पाय आहेत का? दोर ओढायला माणूस आण. मग देतो पाणी."

टुमक्यानं खिडकीतून बघितलं. ढोल्याची शेपटी हलली. फट्. आणि पुन्हा. फट्.

बाप रे, बाप रे, बाप रे!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुमक्या गेला आबांकडे. आबा म्हणजे काकूचे सासरे. मागच्या पायरीवर बसले होते. गाल फुगवून. रुसलेल्या बाळासारखे. तुम्ही बसता ना? तस्सेच.

"आबा हो आबा, दोर ओढा.
दोर पोहऱ्याला, पोहरा देईल पाणी.
पाणी जास्वंदीला, जास्वंद देईल फूल.
फूल काकूला, काकू देईल फांदी.
फांदीत घर, घरात अंडी,
अन् ढोल्या शेजारी!"

"ओढला असता रे," आबा म्हणाले. "पण अंगात जोर कुठाय? सकाळपासून कैरीच्या डाळीचा वास येतोय. आणि सूनबाई म्हणते, आधी पाहुण्या, मग तुम्ही. म्हातारा बसलाय उपाशी! तू डाळ आण. मग ओढतो दोर. आणि हे बघ, सूनबाईला बोलू नकोस."

आबा उपाशी नव्हते. दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. पण डाळ ती डाळ.

टुमक्यानं खिडकीतून बघितलं. ढोल्या उठला. पाठ वाकवली. कमानीसारखी. मोठ्ठी जांभई दिली. आत दात. पांढरे पांढरे.

टुमक्याला "बाप रे" म्हणायलाही वेळ नव्हता.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुमक्या गेला स्वयंपाकघरात. ओट्यावर पातेलं. पातेल्यात डाळ. पिवळी पिवळी, आंबट आंबट.

"पातेल्या रे पातेल्या, डाळ दे.
डाळ आबांना, आबा ओढतील दोर.
दोर पोहऱ्याला, पोहरा देईल पाणी.
पाणी जास्वंदीला, जास्वंद देईल फूल.
फूल काकूला, काकू देईल फांदी.
फांदीत घर, घरात अंडी,
अन् ढोल्या शेजारी!"

"गौरीचा नैवेद्य झालाय," पातेलं म्हणालं. "आता कुणालाही देईन. पण देऊ कशात? तुझ्या चोचीत? एक कण मावेल का तिथं? द्रोण आण. मग देतो डाळ."

बाहेरच्या खोलीत काहीतरी वाजलं. धप्प.

ढोल्या खुर्चीवरून उतरला होता. चालत होता. पाय न वाजवता. टेबलाकडे.

आता वाचणाऱ्यानं मोठ्ठा श्वास घ्यावा. पुढची रांग लांब आहे. मधेच धाप लागली तर पोरं हसतील.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुमक्या गेला ओट्याच्या कोपऱ्यात. तिथं एकच द्रोण पडला होता. पळसाच्या पानांचा.

"द्रोणा रे द्रोणा, चल ये.
द्रोण पातेल्याला, पातेलं देईल डाळ.
डाळ आबांना, आबा ओढतील दोर.
दोर पोहऱ्याला, पोहरा देईल पाणी.
पाणी जास्वंदीला, जास्वंद देईल फूल.
फूल काकूला, काकू देईल फांदी.
फांदीत घर, घरात अंडी,
अन् ढोल्या शेजारी!"

"आलो असतो," द्रोण म्हणाला. "पण माझी काडी मोडली. मी उसवलो. बघ ना, इकडून उघडा! डाळ ठेवली की सांडेल. मला शिव. मग येतो."

टुमक्यानं द्रोणाकडे बघितलं.

शिवायचं? त्यानं? टुमक्यानं कधी एक टाका घातला नव्हता! घर शिवलं ते मंजुळानं. ती म्हणायची, "ये रे, दोन टाके घाल." हा म्हणायचा, "माझी चोच बोथट आहे." आणि वरच्या फांदीवर बसून गाणं म्हणायचा. टुइट टुइट.

आता मंजुळा नव्हती. आता गाणं सुचत नव्हतं.

ओट्याला केरसुणी टेकली होती. टुमक्यानं तिची एक काडी ओढली. चोचीत धरली. पानात खुपसली. कट्! काडी मोडली.

दुसरी काडी ओढली. खुपसली. आत गेली! पण बाहेर येईना. ओढली. सटक! काडी निसटली. टुमक्या पडला पाठीवर. पाय वर.

"अरे, घाई नको," द्रोण म्हणाला. "आधी भोक पाड. मग काडी घाल. मंजुळा कशी करते?"

मंजुळा कशी करते? टुमक्यानं डोळे मिटले. आठवलं. आधी टुच्. मग सर्र. मग घट्ट.

तिसरी काडी ओढली. एका पायानं पान दाबलं.

टुच्! पडलं भोक.

सर्र! गेली काडी.

टुच्! सर्र!

टुच्! सर्र! घट्ट!

टाका वाकडा. वाकडा म्हणजे अगदीच वाकडा. पण द्रोण झाला द्रोण!

आणि बाहेरच्या खोलीत ढोल्यानं उडी मारली. टेबलावर!

पळ, टुमक्या, पळ!

टुमक्यानं द्रोण ओढला. फरफर फरफर. द्रोण गेला पातेल्याला.

पातेल्यानं दिली डाळ. थप्प!

टुमक्यानं द्रोण ढकलला ओट्यावरून. ढकल ढकल, ढकल ढकल, खिडकीपर्यंत. खिडकीखाली आबा. आबांचा हात वर आला. डाळ गेली आबांना. मट्ट! द्रोण रिकामा. मिशीला हळद.

आबा उठले. आबांनी ओढला दोर. कुंई कुंई, कुंई कुंई!

पोहरा गेला खाली. धबाक! पोहरा आला वर. पोहऱ्यानं दिलं पाणी.

पाणी गेलं जास्वंदीला. खळ्ळ!

जास्वंद प्यायली. गट गट गट. मान वर केली. कळी हलली. एक पाकळी. दुसरी पाकळी.

"लवकर गं!" टुमक्या ओरडला.

"लवकर लवकर केलं तर फूल चुरगळतं," जास्वंद म्हणाली. तिसरी पाकळी. चौथी. पाचवी. मग दिलं फूल. लाल लाल! मधे लांब तुरा. तुऱ्यावर पिवळी पिवळी पूड.

टुमक्यानं फूल चोचीत धरलं. फूल मोठं, टुमक्या छोटा. बघणाऱ्याला वाटावं, फूलच उडत चाललंय! भुर्रर्र!

खिडकीतून आत. आणि समोर काय?

ढोल्या फुलदाणीपाशी. ढोल्याचा पंजा वर. पंजातून नखं बाहेर आली. एक एक करून. पंजा चालला पानाकडे. हळू... हळू...

टुमक्याला उडून जावंसं वाटलं. फार वाटलं. खिडकी मागेच होती.

तो गेला सरळ पुढे. ढोल्याच्या तोंडावर!

लाल फूल ढोल्याच्या डोळ्यांवर. लांब तुरा ढोल्याच्या नाकात. पिवळी पूड पार आत.

"आ..." ढोल्या म्हणाला.

"आ... आ..."

"आ... आ... आऽऽच्छी!"

ढोल्या गेला टेबलावरून खाली. धडाम! खुर्चीखालून, दारातून, अंगणातून. कुठं गेला, कुणाला ठाऊक? शिंका मात्र ऐकू येत होत्या.

काकू धावत आली.

"काय रे पडलं?"

फूल गेलं काकूला.

"अगं बाई! आणलंस की खरंच!" काकू म्हणाली. तिनं फुलदाणीतून फांदी काढली. फूल ठेवलं. मग पान डोळ्यांजवळ धरलं.

बघितलं. पुन्हा बघितलं.

"हे तर टाके आहेत! आणि आत..."

काकूनं तोंडावर हात ठेवला.

"अंडी! माझी मेलीची अक्कल गेली होती का चरायला? घर तोडून घर सजवत होते!"

काकू बागेत गेली. हळू हळू. जणू हातात दिवा आहे. क्रोटनची फांदी जगते बरं का, मातीत खोचली की. काकूनं फांदी खोचली. अगदी क्रोटनच्या शेजारी. केसातला गजरा सोडला. गजऱ्याच्या दोऱ्यानं फांदी बांधली झाडाला. घट्ट. वर पाणी शिंपडलं.

"आबा, मिशीला काय लागलंय?" काकूनं विचारलं.

"हळद," आबा म्हणाले. "हळदीकुंकू आहे ना आज?"

टुमक्यानं पानात डोकं घातलं. अंडी होती. सगळी होती. उबदार होती. टुमक्या अंड्यांवर बसला. पंख पसरून बसला. मुंगळा आला. चावला. टुमक्या हलला नाही.

संध्याकाळ झाली. बायका आल्या. बांगड्या वाजल्या. किणकिण किणकिण. आणि आली मंजुळा. चोचीत किडा.

तिनं फांदी बघितली. जागा वेगळी. दोरा बघितला. दोऱ्याला मोगरा!

"काय झालं रे?" मंजुळानं विचारलं.

टुमक्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. काकू, जास्वंद, पोहरा, आबा, पातेलं. कात्री वाजली तेव्हा उडालो, तेही सांगितलं. हळूच. आणि मग छाती पुन्हा फुगली.

"आणि द्रोण कुणी शिवला? मी! एकट्यानं! टुच्, सर्र, घट्ट! या चोचीनं!"

मंजुळानं किडा खाली ठेवला. चोच बघितली. इकडून बघितली. तिकडून बघितली.

"चांगली टोकदार आहे की," मंजुळा म्हणाली. "मग आपलं घर शिवताना बोथट कशी झाली होती रे?"