वळणावरची वाघीण

"पण घसरते कुठं, साहेब?"

"त्या वळणावर. दर वेळी. मिस्त्री, आयुष्यभर पूल बांधले मी. या एवढ्याशा वाघिणीनं नाक घासायला लावलं."

"म्हणून तर. पुलाला कुठं जायचं नसतं."

याकूब मिस्त्रींनी रेल्वेच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त केल्या होत्या. आता मिरजेच्या घरी, फळीवर बारीक रूळ मांडून ते वीतभर वाघिणी चालवत.

उकिडव्यांनी तळहातावरची वाघीण पुढं केली. सुटे भाग जोडून केलेली, चार चाकांची. ओजसनं करायला घेतली होती. त्यांचा एकुलता एक; बाविसाव्या वर्षी, गेल्या पौषात गेला. अर्धी राहिलेली वाघीण त्यांनी पुरी केली. एकदा, फक्त एकदा तिनं अख्खा फेरा मारावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"चाकं घासली, वजन भरलं. काचेवर ठेवून पाहिली. चारही चाकं टेकतात, खालून कागद सरकत नाही."

"काचेवर चालवायचीय?"

उकिडव्यांनी वाघीण त्यांच्या हातात दिली.

मिस्त्रींनी वाघीण उलटी केली. पुढच्या चाकांच्या आसाला नखानं टिचकी मारली.

"हा कुणी चिकटवला?"

"मी. त्यानं ढिलाच सोडला होता. डुगडुगत होता. मागचा तेवढा पक्का केला, आणि हा... त्याचं सगळंच असं, अर्धवट."

"मग मधोमध हा खिळा कशाला बसवलाय पोरानं?"

उकिडवे खिळ्यावर वाकले. मिस्त्रींनी पातं उचललं.

"अहो, मोडेल!"

कट् असा आवाज झाला. आस सुटला आणि त्या खिळ्यावर तराजूसारखा डुलू लागला.

मिस्त्रींनी वाघीण रुळावर ठेवून छोट्या इंजिनामागं जोडली. उकिडव्यांचा तळहात सवयीनं वळणाखाली गेला, झेलायला. तिथं रूळ किंचित दबलेला होता. पुढचं एक चाक खाली उतरलं, दुसरं वर झालं. वाघिणीनं खांदा जरासा पाडला...

आणि गेली. आवाजसुद्धा न करता.

उकिडव्यांचा हात वळणाखाली तसाच राहिला.

"म्हणजे... त्याचं काम झालं होतं?"

मिस्त्री रुळांकडेच पाहत होते.

"ती पुन्हा येतेय. हात काढा, साहेब."