अनुभवांचं पान

एकदा एका शिष्याला आपल्या गुरूंची वेबसाइट जुनाट वाटू लागली. गुरू-शिष्य म्हटल्याबरोबर लगेच आश्रम आणि मृगाजिन डोळ्यांसमोर आणू नका. या गुरू म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या वैजयंतीबाई, आणि शिष्य म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकून आता तिथेच काम करणारा निषाद. दुकानाचा आणि केंद्राचा जिना एकच होता, ही येणाऱ्यांची मोठी सोय होती. घरी ‘चष्म्याचा नंबर तपासून येते’ म्हणून सांगायचं, वर येऊन मन मोकळं करायचं आणि डोळे पुसून खाली उतरायचं. कोणी काही विचारत नसे.

बाईंच्या वेबसाइटवर पत्ता, वेळ, फोन नंबर आणि एक ओळ एवढंच होतं. ‘फोन उचलला नाही, तर मी कोणाचं तरी ऐकत असेन, थोड्या वेळाने पुन्हा करा.’ बाईंना हे पुरेसं वाटे. निषादला मात्र त्या ओळीची लाज वाटू लागली होती, कारण शहरात एक नवं, चकचकीत केंद्र उघडलं होतं. त्यांच्या वेबसाइटवर हसरे चेहरे होते आणि ‘इथे आल्यावर माझं आयुष्यच बदललं’ अशा थाटाचे अनुभव होते. निषाद मोबाइलवर आधी त्यांची वेबसाइट बघे, मग आपली बघे. आपण मागे पडणार, माणसं तिकडे जाणार, या विचाराने त्याला बसवत नव्हतं. जेवतानाही तो मोबाइल उलटा ठेवायचा आणि पुन्हा सुलटा करायचा.

शेवटी त्याने बाईंना विचारलं, “बाई, वेबसाइट नवी करू?”

“कर की,” बाई म्हणाल्या. “फक्त लोकांसमोर जाण्याआधी मला एकदा दाखव.”

निषाद कामाला लागला. नवे रंग आले, नवी अक्षरं आली आणि ‘अनुभव’ नावाचं एक स्वतंत्र पान आलं. त्यासाठी त्याने केंद्रात येणाऱ्या काही जणांना रीतसर विचारलं. तुमचं नाव बदलू, नोकरी बदलू, गाव बदलू, चालेल ना? सगळ्यांनी हो म्हटलं. सर्वांत आधी हो म्हणाल्या रेवतीताई. या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. निषादने त्यांना कागदोपत्री बँकेत नोकरी दिली आणि त्यांची कहाणी इतकी सुरेख लिहिली, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. स्वतःवर तो बेहद्द खूश झाला. माणूस स्वतःवर खूश झाला की त्याला दिसायचं कमी होतं, आणि त्यावर खालच्या दुकानातही चष्मा मिळत नाही.

ठरल्या दिवशी त्याने बाईंपुढे लॅपटॉप ठेवला. संध्याकाळी वेबसाइट सुरू व्हायची होती. बाईंनी ‘अनुभव’ हे पान सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मग त्या म्हणाल्या, “चांगलं लिहिलंयस. आणखी एक अनुभव घालू या का? तुझा.”

निषाद गोंधळला. बाईंकडे शिकायला येणाऱ्याने आधी काही महिने समोरच्या खुर्चीत बसायचं, आपलं दुखणं स्वतः सांगून पाहायचं, अशी त्यांची पद्धत होती. निषादही तसा बसला होता. पण त्याला आता बराच काळ लोटला होता.

“वडिलांचा फोन आला की तू उठून उभा राहायचास,” बाई म्हणाल्या. “खोलीत एकटा असलास तरी. ते सांगताना तू इथे रडलास. फार बोलकी गोष्ट आहे ती. नाव बदलू. चालेल ना?”

“हो बाई, चालेल की,” निषाद म्हणाला.

“पाठमोरा फोटो टाकू या?”

“हो.”

“वडिलांनी वाचलं तर?”

“ओळखणार नाहीत ते. चालेल.”

“मग घे लिहायला.”

निषादने लॅपटॉप ओढून घेतला. पहिलं वाक्य लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. पंखा सुरू असूनही मानेवर घाम आला. बाई आपल्या कशावर तरी रागावल्या आहेत की आपली चेष्टा करताहेत, हेच त्याला कळेना. बाई मात्र शांतपणे त्याच्याकडे पाहत होत्या.

“निषाद, खरं सांग. तुला हे चालणार आहे?”

निषादने लॅपटॉप बाजूला सरकवला. “नाही.”

“मग मघापासून हो कसला म्हणतोयस?”

“तुम्ही विचारलंत म्हणून.”

“बरं. आता मला सांग, रेवतीताई आपल्याकडे कशासाठी येतात?”

निषादचा चेहरा उतरला. उत्तर त्याला पाठ होतं. नणंदेच्या मुलांचे प्रकल्प, सहकाऱ्यांच्या सुट्टीतली कामं, सोसायटीच्या सभेचा चहा, सगळं रेवतीताईंच्या गळ्यात पडायचं, आणि रात्री त्या छाती धडधडते म्हणून उठून बसायच्या. त्यांना कोणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. तेवढंच शिकायला त्या हा जिना चढत होत्या.

“समोरच्या खुर्चीत माणूस बसतो, तेव्हा तो आपली सर्वांत नाजूक जागा आपल्या हाती देऊन बसलेला असतो,” बाई म्हणाल्या. “त्या क्षणी आपण काहीही मागितलं तरी तो देणार. त्याला तू संमती समजलास. तू नाव बदललंस, गाव बदललंस, सगळी काळजी घेतलीस. फक्त या माणसाला आपल्याला नकार देता येईल का, एवढं पाहायचं राहिलं. ज्या बाई नकार शिकायला आल्या, त्यांच्याकडूनच आपण एक होकार उकळला.”

निषादने ते पान तिथेच काढून टाकलं. मग घाईघाईने मोबाइल उचलला. “रेवतीताईंना फोन करतो. माफी मागतो.”

“नको,” बाई म्हणाल्या. “तू माफी मागशील आणि त्या तुलाच समजावत बसतील. असू द्या हो, चालतं, म्हणतील. त्यांची यायची वेळ आहे ना परवा? समोर बोल.”

मधला काळ निषादने कसा काढला, ते त्याचं त्याला ठाऊक. त्या आल्याच नाहीत तर? विश्वास उडाला असेल तर? मग बाईंनी इतक्या कष्टाने जोडलेलं एक माणूस आपल्या एका पानापायी तुटलं, असं होईल. त्या दिवशी रेवतीताईंना उशीर झाला. निषाद चारदा जिन्यापर्यंत जाऊन आला. अखेर पावलं वाजली. त्या वर आल्या, तेव्हा पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली होती.

“रेवतीताई,” निषाद एका दमात म्हणाला, “तो अनुभव मी मागायलाच नको होता. चूक झाली. काढून टाकलाय तो.”

त्याला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. पण त्यांचा चेहरा पडला.

“काढलात?” त्या म्हणाल्या. “मी आज तेच सांगायला आले होते. खाली चष्म्याच्या दुकानाशी उभी राहून पाठ करत होते. म्हणून तर उशीर झाला.”

बाई आतल्या दारात येऊन उभ्या होत्या. “एवढं पाठ केलंत, तर वाया कशाला घालवता?” त्या म्हणाल्या. “म्हणा की. हा ऐकतोय.”

रेवतीताईंनी पर्स खांद्याला अडकवली. मग निषादकडे बघून, थरथरत्या पण स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, “सर, माझ्याविषयी लिहू नका. नाव बदलून पण नाही. मला नाही चालणार.” सवयीने पुढचं ‘राग मानू नका हं’ ओठांवर आलं, आणि त्यांनी ते तिथेच थांबवलं.

“बरं,” निषाद म्हणाला. त्याहून अधिक काही बोलायचं नाही, एवढं त्याला आता कळलं होतं.

वेबसाइट पुढे नवी झाली. रंग नवे, अक्षरं नवी. बाईंची ती जुनी ओळ तेवढी जशीच्या तशी राहिली. त्या केंद्रातला साऱ्या जगाला सांगावा असा अनुभव त्या दिवशी निषादच्या डोळ्यांदेखत घडला होता. तो टाकू का, हे त्याने रेवतीताईंना विचारलंसुद्धा नाही.