तेल खाणारे शेजारी

"माझ्या कानात सांगितलेला मंत्र हिच्याही कानात सांगणार, बाबा?"

वामनचा आवाज चढला होता. मोठा शिकलेला माणूस. समुद्रातल्या जिवाणूंचा अभ्यास करता करता त्याचे केस पिकले. खाडीच्या तोंडावरच्या या मठात तो वर्षानुवर्षं यायचा, तेव्हा कुठे परवा रावजीबाबांनी त्याला मंत्र दिला. आणि आज पारू कोळीण टोपली बाजूला ठेवून तोच मागायला बसली होती. तिचा ना उपास, ना नेम.

बाबा दोघांच्या मधे बसले होते.

पारू म्हणाली, "मास्तर, मासळीचा वास येतो म्हणून का? बाबा नाक धरून सांगतील."

वामनने तोंड फिरवलं.

बाबा समोरच्या खडकांकडे बघत होते. मागे एक तेलाचं जहाज फुटलं, तेव्हा ते खडक डांबरासारखे काळे झाले होते. शिंपल्यांतली कालवं मेली. पारूच्या घरची चूल थंड पडली होती.

"वामना, ते तेल गेलं कुठं रे?"

हा तर वामनच्या जिव्हाळ्याचा विषय. राग विसरून तो सांगू लागला. सगळं गेलेलं नाही, चिखलाखाली अजून आहे. पण बरंचसं जिवाणूंनी खाल्लं. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, एवढेसे जीव. तेल खाणारे एरवी थोडेच असतात, तेल आलं की वाढतात. अंगातून साबणासारखं काहीतरी सोडतात, तेलाचे बारीक थेंब करतात आणि मग जेवायला बसतात... सांगताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

बाबांचे हात आपोआप जोडले गेले.

"आणि ज्यांना ते खाता येत नाही, ते?"

"काही मरतात. काही शिकतात. ज्याच्यापाशी ही विद्या असते, तो कधीकधी तिची नक्कल काढून शेजारच्याला देतो. अंगाला अंग लावून."

"आपल्याच जातीच्या?"

"तसं काही नाही बाबा. दुसऱ्या जातीच्यालाही."

"मग देणाऱ्यापाशी काय उरतं?"

"त्याच्यापाशी? त्याची तर तशीच..."

वामन बोलता बोलता थांबला.

खाडीला भरती लागली होती. पाणी काळ्या खडकांपर्यंत आलं...

बाबा काठी टेकून सावकाश दोघांच्या मधून उठले.

"वामना, आता तिच्या शेजारी तूच आहेस."