एकशे एकोणसत्तर घरांचा तक्ता

“म्हणजे तक्ताच चुकीचा आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला, बापू?”

“मी असं कधी म्हटलं?”

“मग मी हरतो का?”

बापू आरोंदेकरांनी पत्ते पिसायला घेतले. तीस वर्षं पत्ते खेळून त्यांनी खेळ सोडला होता. शिकवणं मात्र सुटलं नव्हतं.

समोर बसलेल्या शार्दूलने पोकरसाठी चांगली नोकरी सोडली होती. रविवारी पणजीत स्पर्धा होती. तिथे टिकलो नाही तर पुन्हा ऑफिसात जाईन, असं तो वडिलांना कबूल करून बसला होता. पोराची झोप उडाली होती.

त्याने खिशातून घडी केलेला तक्ता काढला. हातात येऊ शकणाऱ्या दोन पत्त्यांची प्रत्येक जोडी त्यात होती. तेरा आडवी, तेरा उभी घरं. हिरव्या घरातली जोडी आली तर खेळायचं, लाल घरातली आली तर पत्ते टाकायचे.

“एकशे एकोणसत्तर घरं. सगळी पाठ आहेत. झोपेतून उठवून विचारा.”

“शाबास,” बापू म्हणाले. “ठेव तो खिशात. वाट पत्ते.”

प्रत्येकी तीस चिंचोके घेतले. दर डावाला दोघांनी दोन-दोन मध्ये टाकायचे. पुढे लावण्याला मर्यादा नाही, मनात आलं तर सगळे एकदम ढकलायचे.

शार्दूलला गुलाम आणि पंजी आली. घर आठवायला त्याने वर आढ्याकडे पाहिलं.

बापूंनी उरलेले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चिंचोके पुढे सरकवले.

शार्दूलने पुन्हा आढ्याकडे पाहिलं. लाल. त्याने पत्ते टाकले.

पुढच्या डावाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. बापूंचे पत्ते वाटले तसे पालथे पडून होते, पण शार्दूलचं लक्ष आढ्याकडे.

मग त्याला दोन राजे आले. आता आठवायचं काय? त्याचा हात सरळ चिंचोक्यांकडे गेला. दहा लावले.

बापूंनी पत्ते टाकले.

“अहो, आत्ताच का टाकलेत?”

“वाटलं.”

अर्ध्या तासात शार्दूलपुढे चार चिंचोके उरले. तक्त्याबाहेर तो एकदाही गेला नव्हता. शेवटी राणी आणि नव्वी टाकून दिल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. त्याने बापूंचे पत्ते उलटे केले.

तिर्री आणि अठ्ठी.

“हे तर लाल घर आहे, बापू! यावर तुम्ही सगळे लावलेत?”

“असं होय? मला काय ठाऊक. मी कुठे पाहिलेत?”

“…पाहिलेच नाहीत?”

“नाही.”

“एकाही डावाला?”

“नाही रे बाबा.”

शार्दूलने खिशातला तक्ता चाचपला. सहा महिने घोकलेलं सगळं या म्हाताऱ्याने न बघता झोपवलं होतं.

“मग तुम्ही खेळत होतात कशावर?”

बापूंनी मान वर करून आढ्याकडे पाहिलं.

शार्दूलनेही पाहिलं. कौलं होती. एका वाशाला कोळिष्टक लोंबत होतं.

“काय आहे तिथे?”

“तेच मी तुला विचारणार होतो.”

…

आता मात्र शार्दूलचा संताप झाला. त्याने तक्ता काढला आणि फाडायला घेतला. बापूंनी झटकन त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर होता.

“फाडू नकोस. चांगला आहे. माझ्या वेळी असता तर माझी दहा वर्षं वाचली असती.”

“चांगला आहे म्हणता, आणि तो पाळला म्हणून मला हरवता! मी समजू तरी काय?”

बापूंनी त्याचं मनगट सोडलं.

शार्दूल हळू आवाजात म्हणाला, “मला खरंच काही कळेनासं झालंय, बापू. रविवारी जाऊ की नको, तेवढं तरी सांगा.”

…

बापूंनी तक्ता त्याच्या हातातून घेतला. मांडीवर ठेवून कागदाच्या सुरकुत्या तळहाताने सपाट केल्या. मग तो शार्दूलपुढे सरकवला.

“यात मी कुठल्या घरात बसलोय, तेवढं शोध. सापडलं की खुशाल जा.”